डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकतो आणि टाकीवर गळतीही होते

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरची टाकी भरली तरी काटा अर्ध्यावरच थांबतो. शिवाय काठोकाठ भरून नांगरटीला गेल्यास टाकीवरील डिझेलची पातळी मोजणाऱ्या सेन्सरच्या झाकणाभोवती डिझेल पाझरून धुळीचा चिकट थर बसतो. मीटर बदलावा का?

उत्तर : मीटरला एवढ्यात हात लावू नये. आधी बॅटरीची वायर काढावी, टाकी निम्म्याखाली आणावी आणि झाकणाभोवतीची माती पूर्ण पुसूनच स्क्रू सैल करावेत, अन्यथा तीच माती आत पडून फिल्टर तुंबवते. सेन्सरचा दांडा न वाकवता त्याला लावलेला फ्लोट (डिझेलवर तरंगणारा पोकळ भाग) बाहेर काढून कानाशी हलवावा. आत डिझेल खळखळत असेल तर तो तरंगत नाही आणि काटाही वर येत नाही. पितळी फ्लोटला डाग (सोल्डर) देऊ नये, कारण आतली वाफ तापून भडकू शकते, नवाच बसवावा.

दुसरे उत्तर : गळती बहुधा झाकणाखालच्या पॅकिंगची आहे. गावाकडे सायकलच्या ट्यूबचे पॅकिंग कापून बसवतात, पण ते रबर डिझेलमध्ये फुगते. डिझेलमध्ये टिकणाऱ्या नायट्राइल रबराचे घ्यावे आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळावेत.

प्रश्नकर्ता : फ्लोट कोरडा निघाला, दांडाही मोकळा आहे.

उत्तर : मग सेन्सर मल्टिमीटरला (विजेचा रोध ओहममध्ये मोजणारे यंत्र) जोडून दांडा सावकाश वर-खाली करावा. ओहमचा आकडा सलग बदलण्याऐवजी मध्येच तुटत असेल, तर आतली तार झिजली आहे आणि सेन्सरच बदलावा लागेल. आकडा नीट बदलत असेल, तर टाकीचे अर्थिंग (टाकीची ट्रॅक्टरच्या सांगाड्याशी असलेली विजेची जोडणी) घासून स्वच्छ करावे.