अमेरिकी सिनेटचे मतदान आधीच वर्तवण्याची पद्धत सुचवा (खर्च २,००० रुपयांच्या आत)

अर्थशास्त्र_लातूर: नमस्कार. मी लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर केंद्र सरकार नेमते आणि त्यावर संसदेत मतदान होत नाही. अमेरिकेत मात्र फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या मंडळासाठी राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या प्रत्येक नावाला सिनेट या वरिष्ठ सभागृहाची मंजुरी लागते. पुढचे नाव आले की कोण कसे मत देईल, याचा अंदाज माझ्या १४ विद्यार्थ्यांनी बांधावा, अशी इच्छा आहे. हाताशी तीन आठवडे आणि २,००० रुपये आहेत. कोणती पद्धत वापरावी?

पैठणगेट: मॅडम, स्वस्तात काही मिळत नसते. मी एका परदेशी विदासेवेची वर्षाची ४०,००० रुपयांची वर्गणी भरली असून प्रत्येक सिनेटरचा कल मला आलेखातच दिसतो. थोडी तोशीस सोसून तीच घ्यावी.

गोदाकाठ_नांदेड: मी बँकेतून निवृत्त झालो आहे. यात वर्तवण्यासारखे काही नाही. सत्ताधारी पक्षाचे सदस्य मोजावेत, पक्षादेश निघतो आणि विषय संपतो. आमच्या तालुक्याच्या बाजार समितीचा सभापती कोण होणार, हे मी याच हिशेबाने आठ दिवस आधी सांगितले होते.

परभणीकर: काका, पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व जाण्याची तरतूद आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत आहे आणि तीही १९८५ पासूनची. अमेरिकी सिनेटरवर असे बंधन नाही. मे २०२२ मधला एकच आठवडा पाहावा: सिनेट तीच, राष्ट्राध्यक्ष तेच, तरीही १० तारखेला लिसा कुक ५१ विरुद्ध ५० अशा, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने, ११ तारखेला फिलिप जेफरसन ९१ विरुद्ध ७ आणि १२ तारखेला जेरोम पॉवेल ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाले. केवळ पक्ष मोजून ही तीन उत्तरे कशी मिळतील? सिनेटच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदानाची नावनिशीवार यादी फुकट मिळते. आधी ती वाचावी, आणि मग बँकिंग समितीतील सुनावणीत कोणी काय विचारले, ते पाहावे.

गोदाकाठ_नांदेड: कुक यांच्या वेळी पक्षच मोजला गेला ना? मग माझे चुकले कुठे?

बीड_बायपास: मलाही वाटते की पक्षाची संख्या पाहावी. वरची विदासेवा मीही घेतली होती. तिच्यातले आकडे त्याच फुकटच्या यादीतले निघाले आणि वर्गणी काही परत मिळाली नाही.

पैठणगेट: वापरता आली नाही, तर सेवेचा काय दोष?

आडत_दुकान: मी हिंगोलीचा सोयाबीनचा व्यापारी आहे; डॉलरचा भाव आमच्या पेंडीच्या निर्यातीला लागतो म्हणून या बातम्या वाचतो. २०२२ मध्ये सारा ब्लूम रास्किन यांचे नाव मंजूर होणार, असे मी दुकानात ठामपणे सांगितले होते, कारण पक्षाची ५० मते आणि वर उपराष्ट्राध्यक्षांचे एक, असा सोपा हिशेब होता. १४ मार्चला त्याच पक्षाच्या जो मॅन्चिन यांनी विरोध जाहीर केला, दुसऱ्या दिवशी नाव मागे घेतले गेले आणि मला सगळ्या हमालांना भजी खाऊ घालावी लागली. सभागृहात मतदान झालेच नाही. २०१९ मध्ये हर्मन केन आणि स्टीफन मूर यांचीही नावे अशीच वाटेत गळाली. त्यामुळे नुसत्या मतदानाच्या याद्या वाचणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक नाव मंजूरच होते असे वाटते, कारण पडण्याची चिन्हे दिसलेले नाव बहुधा मतदानापर्यंत पोहोचतच नाही. पैजेच्या बाजारातले भाव नुसते पाहायला हरकत नाही. मात्र पैसे लावू नयेत.

किल्लेधारूर: आडतवाल्या भाऊंचे म्हणणे पटते. त्यात हजेरीची भर घालतो. जानेवारी २०१४ मध्ये जॅनेट येलेन ५६ विरुद्ध २६ मतांनी मंजूर झाल्या, म्हणजे १०० पैकी ८२ जणांनीच मत दिले. हिमवादळामुळे अनेकांची विमाने अडकली होती.

अर्थशास्त्र_लातूर: सर्वांचे आभार. विचाराअंती मी पुढच्या नावाचा नादच सोडला आहे. विद्यार्थी १७ नोव्हेंबर २०२० च्या मतदानाचा अंदाज बांधतील, आणि त्यांना १६ तारखेपर्यंतचीच कात्रणे मिळतील. त्या दिवशी ज्युडी शेल्टन यांच्या नावावरची चर्चा संपवून मतदान घेण्याचा प्रस्ताव ४७ विरुद्ध ५० मतांनी पडला. ५३ रिपब्लिकनांपैकी रॉमनी आणि कॉलिन्स विरोधात गेले, विरोध जाहीर केलेले अलेक्झांडर गैरहजर राहिले, आणि ग्रासली व रिक स्कॉट हे दोघे समर्थक कोरोनामुळे विलगीकरणात होते. ते दोघे असते, तर हिशेब ५० विरुद्ध ४९ होऊन प्रस्ताव तरला असता.

परभणीकर: पण मॅडम, ५३ मधून पाच वजा केल्यास ४८ उरतात.

अर्थशास्त्र_लातूर: अठ्ठेचाळिसावे मत नेते मॅकॉनेल यांचे होते. प्रस्ताव पुन्हा मांडता यावा, म्हणून त्यांनी स्वतःचे मत नियमाच्या सोयीसाठी विरोधात फिरवले. मते मनापासूनच दिली जातात, असे विद्यार्थी गृहीत धरतात. ते येथे अडखळावेत, यासाठीच हा दिवस निवडला.

गोदाकाठ_नांदेड: जुन्या मतदानाला भविष्य कोण म्हणेल? मुले मोबाईलवर उत्तर शोधतील.

अर्थशास्त्र_लातूर: मोबाईल टोपलीत जमा होतील. २,००० रुपयांत १०० सिनेटरांच्या नावांचा भिंतीएवढा तक्ता छापून घेत आहे.

पैठणगेट: तक्त्यात आलेख नसतो.