मदत हवी आहे: ऑक्टाटॉनिक स्केलमध्ये ‘सा’ स्थिर होत नाही

नमस्कार. गेले तीन महिने मी पियानोवर ऑक्टाटॉनिक, म्हणजेच डिमिनिश्ड स्केलचा रियाज करत आहे. आधी अर्धा स्वर, मग पूर्ण स्वर, या क्रमाने सी पासून चढत गेल्यास सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, ई, एफ शार्प, जी, ए आणि बी फ्लॅट असे 8 सूर मिळतात; सरगमच्या भाषेत सा आणि पंचमासोबत कोमल रिषभ, दोन्ही गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद.

उजव्या हाताचे फिंगरिंग आता बसले आहे. अंगठा सी, ई आणि ए या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवला की 1-2-3, 1-2-3, 1-2 अशी बोटे पडतात आणि पुढचे सप्तक पुन्हा अंगठ्यानेच सुरू होते. डावा हात अजून अडखळतो, पण तो सरावाने सुधारेल असे वाटते.

खरी अडचण इम्प्रोव्हायझेशनची आहे. दर तीन अर्धस्वरांनी हेच सूर पुन्हा येत असल्यामुळे या स्केलची एकूण 3च वेगळी रूपे होतात (म्हणूनच फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांनी तिला आपल्या मर्यादित स्थानांतराच्या मोड्समध्ये, म्हणजे मोजकीच वेगळी रूपे होणाऱ्या स्केल्समध्ये, दुसरा क्रमांक दिला), आणि सी, ई फ्लॅट, एफ शार्प व ए या चारही मेजर कॉर्ड तिच्यात सारख्याच हक्काने नांदतात. ही समृद्धी मला मनापासून आवडते, परंतु वाजवताना तीच अंगावर येते, कारण चारपैकी कोणता सूर आपले घर आहे हे कानाला कळेनासे होते. सी सेव्हन फ्लॅट नाइन (सी, ई, जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट) कॉर्डवर ही स्केल वाजवून एफ मेजरवर उतरलो, तर ई वरून एफ वर आणि बी फ्लॅटवरून ए वर जाताना सारा ताण सुटतो. मला मात्र एफ कडे न जाता सी वरच विसावायचे आहे.

त्यासाठी डाव्या हाताने खालचे सी आणि जी धरून ठेवून पाहिले. पहिल्या काही आवर्तनांत रंग भरतो. मग सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, ई ही चार सुरांची जागा ई फ्लॅटवरून, पुढे एफ शार्पवरून आपोआप हाताखाली येते आणि वादन जिना चढल्यासारखे एकसुरी होते.

ज्यांनी या स्केलमध्ये मनमोकळे वाजवले आहे, त्यांनी कृपया सांगावे की अशा वेळी एफ शार्प आणि ए हे सूर काही काळ वर्ज्य करावेत, की सर्व सूर ठेवून केवळ न्यास (वाक्याचा विसावा) सी आणि जी वर करावा? दोन्ही गंधार एकाच वाक्यात घेताना ई फ्लॅटला ई कडे नेणारा ओझरता सूर मानावे की स्वतंत्र वजन द्यावे, हेही मला ठरवता आलेले नाही. मला स्टाफ नोटेशन वाचता येते, त्यामुळे दोन-चार मापांचा एखादा नमुना लिहून दिलात तरी त्यावर काम करता येईल.