रविवारच्या सभेत उमेदवार ताईंना काय विचारायचे?

सचिव: सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी ६ वाजता आपल्या प्रभागातील एक उमेदवार ताई क्लब हाऊसमध्ये येणार आहेत. त्यांच्या पत्रकातील ‘सुरक्षित प्रभाग’ हे पान मी काल ग्रुपवर टाकले आहे. प्रत्येक नाक्यावर सीसीटीव्ही, नवी पोलीस चौकी, रात्रीची वाढीव गस्त, बाहेरून येणाऱ्या कामगारांची नोंदणी आणि ज्येष्ठांसाठी सायबर शिबिरे अशी आश्वासने त्यात दिली आहेत. ठाणे महापालिकेचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला आहे आणि सभेला जेमतेम एक तास मिळणार आहे, म्हणून प्रश्न इथेच ठरवून घेऊ. पाणी आणि पार्किंगचे विषय कृपया आज नकोत.

सी ७०३: नवरात्रात माझे मंगळसूत्र खेचले गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. वाघबीळ नाक्याकडून सर्व्हिस रोडने मी घरी येत होते. त्या पट्ट्यात सलग पाच-सहा दिवे बंद होते आणि पदपथावर पत्रे रचून ठेवल्यामुळे मला रस्त्याच्या कडेने चालावे लागले. मागून मोटारसायकल आली, एवढेच मला सांगता येते. नंबर सोडाच, गाडीचा रंगही दिसला नाही. तक्रार द्यायला गेले तेव्हा ‘ही जागा आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून मला दुसरीकडे पाठवण्यात आले. सोने गेल्याचे दुःख आता ओसरले आहे, पण तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर मी भाजीसाठीसुद्धा खाली उतरत नाही. ताईंच्या पानावर कॅमेरे आहेत, चौकी आहे, पण दिव्यांचा उल्लेख नाही.

बी ४०२: काकूंनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. मी वकिली करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे आणि ठाणे पोलीस आयुक्तालय राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत येते; महापौरांनासुद्धा एका हवालदाराची बदली करता येत नाही की गस्तीचा मार्ग ठरवता येत नाही. त्यामुळे ‘गस्त वाढवू’ आणि ‘चौकी आणू’ या दोन गोष्टींसाठी नगरसेविका म्हणून ताई फक्त पाठपुरावा करू शकतील, आणि तो करणार असतील तर कोणाकडे, कोणत्या स्वरूपात, हे त्यांनी सांगावे. याउलट सार्वजनिक रस्त्यांवर दिव्यांची सोय करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. जे काम निश्चितपणे त्यांच्या हातात येणार आहे, तेच पत्रकातून सुटावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कॅमेऱ्यांबद्दलही हेच म्हणावेसे वाटते. खांबावर कॅमेरा चढवला की उद्घाटनाचा फलक लागतो. पण चित्रण कोणत्या नियंत्रण कक्षात जाते, किती दिवस साठवले जाते, पावसाळ्यात केबल तुटली तर दुरुस्ती कोण करणार आणि वार्षिक देखभालीचा पैसा अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरला आहे, हे विचारल्याशिवाय त्या आश्वासनाला अर्थ नाही. आणि ज्या खांबावर दिवाच लागत नाही, तिथल्या कॅमेऱ्यात रात्री नंबर प्लेट कशी दिसणार?

काकू, एक गोष्ट तुमच्यासाठी आणि सर्वांसाठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या माहितीची प्रत मोफत मिळणे हा आपला हक्क आहे. तुम्हाला परत पाठवले, ते नियमाला धरून नव्हते.

डी ११०४: दिव्यांचे पटले. मात्र बाहेरच्या कामगारांच्या नोंदणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आजूबाजूला इतकी बांधकामे चालू आहेत, कोण येतो, कोण जातो याचा पत्ता नसतो. हे काम ताईंनी सर्वांत आधी हाती घ्यावे.

बी ९०१: दादा, तुमची काळजी मी समजू शकते, पण या मुद्द्यावर मी असहमत आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवण्याची व्यवस्था आजही आहे, ती घरमालकांनी नीट पाळावी. सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि रक्षकाची पूर्वपडताळणीही करावी लागते. आपल्या एजन्सीची ती कागदपत्रे गेल्या वर्षभरात आपण एकदा तरी मागितली का? परंतु एखादा माणूस केवळ गवंडी आहे म्हणून नगरसेविकेच्या यादीत त्याचे नाव चढवायचे, हे मला मान्य नाही. तो अधिकार तिला नाही आणि असूही नये.

आपल्या जिल्ह्यातलेच भिवंडीचे उदाहरण घ्या. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या त्या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील माणसे पोलिसांबरोबर नियमित एकत्र बसू लागली आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तिथे माणसे एकमेकांना ओळखू लागली होती. ताईंनी नोंदणीऐवजी सोसायट्या, मागच्या पाड्यातील रहिवासी, रिक्षा संघटना आणि पोलीस यांची दर महिन्याला एक बैठक घ्यावी, असे मी सुचवते.

ए २०३: मी सहसा इथे लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात मला एक व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातील माणूस होता. माझ्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असून मला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, असे तो म्हणाला. तीन तास मी खोलीचे दार लावून बसलो आणि निवृत्तीच्या पैशांतील मोठी रक्कम पाठवून दिली. मुलगी घरी आली, तिने ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, म्हणून त्यातील काही भाग तरी गोठवता आला. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. लाजेपोटी मी हे कोणाला सांगितले नाही, आज प्रथमच लिहितो आहे. शिबिर घ्यायचे असेल तर फोटोपुरते एकदा नको. प्रत्येक इमारतीत, मराठीत, दर तीन महिन्यांनी घ्या. मी स्वतः उभा राहून माझी हकिकत सांगेन.

सी ७०३: भाऊ, यात लाज कसली? तुम्ही सांगितलेत म्हणून आमच्यापैकी कोणी तरी वाचेल.

डी ११०४: काका, मी तुमच्याबरोबर आहे. नोंदणीचा माझा आग्रह मी मागे घेतो. मासिक बैठकीचा प्रस्ताव अधिक योग्य वाटतो.

बी ४०२: आणखी एक. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आहे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे आपल्याला नगरसेवकच नव्हता. आता एका प्रभागातून चार जण निवडून जातील. दिवा बंद पडला तर चौघांपैकी कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरले नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. ताईंनी आपल्या पॅनेलमधील कामाची वाटणी सभेतच सांगावी. चौघांची शपथपत्रेही आपण वाचून जाऊ, कारण प्रलंबित गुन्ह्यांचा तपशील त्यात द्यावा लागतो, आणि गुन्हेगारीविरुद्ध मत मागणाऱ्याला तो विचारण्यात गैर काही नाही.

सचिव: सर्वांचे आभार. सर्व्हिस रोडवरील दिवे आणि पदपथ किती दिवसांत, हा पहिला प्रश्न राहील. त्यानंतर कॅमेऱ्यांची देखभाल, मासिक बैठक, सायबर शिबिरे आणि चौघांमधील जबाबदारी या क्रमाने जाऊ. उत्तरे मी लिहून घेईन आणि ताईंची सही घेऊन फलकावर लावीन. रक्षकांच्या एजन्सीची कागदपत्रे उद्याच मागवतो, ती चूक आपली आहे.

सी ७०३: सभा सातला संपेल, तेव्हा बाहेर पूर्ण अंधार असेल. ताईंना लगेच गाडीत बसू देऊ नका. मी त्यांना नाक्यापर्यंत त्या रस्त्याने पायी घेऊन जाईन.

सचिव: काकू, त्यांच्या कार्यालयाला आजच तसे कळवतो. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी ७ वाजता मुख्य फाटकापाशी थांबावे.