थेआ फॉन हार्बू: ‘मेट्रोपोलिस’चं श्रेय आणि नाझी पक्षाचं सदस्यत्व

रानवाट (धागालेखक): ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट म्हटलं की लोक दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचं नाव घेतात. मूळ कादंबरी त्याची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बू (१८८८–१९५४) हिची, पटकथेवरही तिचंच नाव, तरी ती श्रेयनामावलीतच राहते. वर धनिकांचे मनोरे, जमिनीखाली यंत्रांना जुंपलेले कामगार, नायिका मारियाचं रूप घेतलेला यंत्रमानव: १९२७ चं हे जग तिने शब्दांत उभं केलं. ‘फ्राउ इम मोंड’ ही चांद्रप्रवासाची कादंबरीही तिचीच. १९२९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. रॉकेटतज्ज्ञ हेर्मान ओबेर्थ त्याचे सल्लागार. उड्डाणाआधीची उलटी मोजणी प्रेक्षकांनी त्यात पाहिली. विज्ञानकथेच्या इतिहासात तिला स्वतंत्र मान हवा.

कातळ: अजिबात पटलं नाही. १९३३ मध्ये लांग जर्मनी सोडून गेला. ही तिथेच राहिली आणि नाझी पक्षात गेली. १९३७ च्या ‘डेर हेरशर’च्या पटकथेत तिचा हात आहे, त्यातला कारखानदार मुलाबाळांना डावलून आपला उद्योग राष्ट्राला देतो. त्याच्याच दिग्दर्शकाने, फाइट हार्लानने, पुढे ज्यूंविरुद्ध विष ओकणारा ‘यूड झ्यूस’ काढला. भीतीपोटी कुणी गप्प बसलं तर समजू शकतो. हिने लेखणी दिली.

मायबेळगाव: आमच्या बेळगावकडचे पत्रकार आयी गणपत तेंडुलकर लांगनंतर तिचे पती होते, हे इथे सांगायलाच हवं. वंशशुद्धीच्या त्या राजवटीत हे लग्न गुपचूप करावं लागलं. भारतीयांना मदत करता यावी म्हणून मी पक्षात गेले, असं तिने नंतर सांगितलं. मला ते खरं वाटतं.

कातळ: युद्धानंतर ब्रिटिशांच्या कैदेतून गेलेल्या माणसाने स्वतःबद्दल दिलेली साक्ष आहे ती. तिने भारतीयांना मदत केली असेलही, पण ज्या ज्यू सहकाऱ्यांना चित्रसृष्टीतून हाकललं, त्यांना त्याचा काय उपयोग?

शाईपेन: मला तर ‘मेट्रोपोलिस’चा शेवटच खटकतो. डोकं आणि हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करायची, मग मालक-मजूर हातमिळवणी करतात. मालकी मात्र जिथल्या तिथे! लांगलाही हा शेवट पुढे पटेनासा झाला. पक्षाचं कार्ड बाजूला ठेवा. ‘डेर हेरशर’मधल्या सर्वेसर्वा मालकाचं बीज मला इथेच दिसतं.

रानवाट: शेवट भाबडा आहे, मान्य. पण हीच बाई १९३१ मध्ये गर्भपातबंदीच्या कलम २१८ विरुद्ध जाहीरपणे उभी राहिली होती. तिचं सदस्यत्व ठळक अक्षरांत लिहा, माझी हरकत नाही. ‘मेट्रोपोलिस’ची लेखिका म्हणून तिचं नावही तेवढ्याच ठळक अक्षरांत हवं.