मदत हवी आहे : हलगीसारखा एकच ठेका धरून ठेवणारे रॉक बँड सुचवा

मंडळी, मी कोल्हापूरचा. संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना कानात बहुतेक वेळा जर्मनीचा 'कॅन' असतो, १९६८ साली कोलोनमध्ये सुरू झालेला. त्यांचा ड्रमर याकी लीबेत्साइट असा वाजवायचा की हलगीवाला आठवतो. ठेका तोच, पण दर आवर्तनाला अंगात काहीतरी नवं चढतं. ड्युसेलडॉर्फचा 'नॉय!' त्याहून सरळ. क्लाउस डिंगरचा ठेका थांबूच नये असं वाटतं. लंडनचा 'धिस हीट' ऐकला आणि दोन दिवस दुसरं काही लावलंच नाही.

आता पुढे वाट सापडत नाही. ॲपवर शोधलं की फिरून तीच नावं येतात. फारसं कुणी ऐकत नाही असे बँड सांगा. जपानचे, पूर्व युरोपातले, आपल्याकडचे, कुठलेही. गाणारा नसला तरी चालेल; लांबलचक गिटार सोलो मात्र नकोत, ते मला मानवत नाहीत.

नुसतं नाव टाकू नका, आधी कोणता अल्बम ऐकू तेही लिहा. आणि कोल्हापूर-सांगलीकडे कुणाजवळ अशा रेकॉर्ड किंवा कॅसेट असतील तर कळवा, मी येऊन ऐकेन. चहा माझ्याकडून.