बॉलरूम नाचाच्या स्पर्धेवरचा प्रेमपट: यात एवढं काय आहे?

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अधूनमधून पडदा लावून सिनेमा दाखवतात. या खेपेला निवड माझ्याकडे होती. मी 'स्ट्रिक्टली बॉलरूम' लावला. बाझ लुहरमनचा पहिला सिनेमा, १९९२ चा, ऑस्ट्रेलियातला. बॉलरूम नाचाच्या स्पर्धांत लहानपणापासून तयार झालेला स्कॉट एक दिवस नियमात नसलेल्या स्टेप्स करतो, जोडीदारीण सोडून जाते, आणि नवशिक्यांच्या वर्गातली फ्रॅन येऊन म्हणते, मी नाचते तुझ्याबरोबर. पुढचं तुम्हाला न सांगताही कळेल.

हॉलमध्ये काय झालं म्हणाल, तर अर्धी मंडळी खूश, अर्धी चुळबुळ करत होती. सासरे निवृत्त इंजिनिअर. ते म्हणाले, "पोरगं नाचतं झकास. पण अडचण काय होती? चार पावलं वेगळी टाकली, टाकली. त्यावर एवढा गहजब?" बी विंगमधल्या काकू म्हणाल्या, "चष्मा दिसला तेव्हाच कळलं, हा उतरणार आणि ही सुंदर दिसणार."

दोघांचं म्हणणं खोटं नाही. गोष्ट घिसीपिटी आहे. तरी मी तो कधीही बघू शकते आणि शेवटी दर वेळी डोळे पुसते. का, ते मला धड सांगता येईना. कुणी नीट सांगेल का? कथा फोडली तरी चालेल, तीस वर्षं होऊन गेली.

चहाबाज

दीड तासात संपतो, कुणी कुणाला गोळी घालत नाही, शेवटी सगळे नाचतात. डोळे पुसायला आणखी काय कारण पाहिजे? बाकी जाणकार येतीलच. बसतो.

विंगेतला

मंजिरीताई, सासऱ्यांचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. तिथूनच धरतो. लांबण लागेल, आधीच सांगून ठेवतो.

मी आणि बायको औंधला एका बॉलरूमच्या क्लासला जातो. हौस तिची, घाम माझा. तिथे गेल्यावर कळलं की हा नाच म्हणजे केवढी कडक भानगड आहे. स्पर्धेचे नाच एकूण दहा. पाच 'स्टँडर्ड': वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. पाच लॅटिन: सांबा, चा-चा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह. प्रत्येकाची लय ठरलेली. साधा वॉल्ट्झ घेतला तर मिनिटाला २८ ते ३० बार (वॉल्ट्झचा एक बार म्हणजे तीन ठोके), त्याच्या पुढेमागे नाही. खालच्या गटांत कुठल्या स्टेप्स चालतील याची यादी असते आणि यादीबाहेरचं काही केलंत की तक्रार होते.

आता परीक्षकाच्या जागी उभे राहून बघा. फ्लोअरवर एकाच वेळी बऱ्याच जोड्या. नाच जेमतेम दीड-दोन मिनिटांचा. सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षक गुण देतच नाहीत, पुढच्या फेरीत कोणाला बोलवायचं त्यांच्या नंबरावर फक्त खूण करतात. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षक जोड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावतो आणि बहुमताने निकाल लागतो. म्हणजे तुमच्या वाट्याला त्याची नजर येते काही सेकंद. सगळे तेच करत असतील तरच त्या काही सेकंदांत तुलना जमते. एकाने मध्येच भलतंच केलं, तर त्याला कुणाशी ताडून बघायचं?

तेव्हा सिनेमातला, या स्पर्धांचे नियम चालवणाऱ्या फेडरेशनचा अध्यक्ष, तो बॅरी फाइफ, खलनायक असला तरी त्याची भीती अगदीच बिनबुडाची नाही. फेडरेशन काल्पनिक आहे, भीती खरी आहे. शिवाय ज्यांची पोटं स्टेप्स शिकवण्यावर चालतात, त्यांना मनाला येईल तसा नाचणारा मुलगा कसा परवडेल? सासरेबुवांना सांगा, गहजब स्टेप्सचा नाही, धंद्याचा आहे.

आमच्या क्लासची वर्षाकाठी एक छोटी घरगुती स्पर्धा होते. पाठीला सेफ्टी पिनांनी नंबर टोचलेला. मी ऑफिसात लोकांची बिलं अडवणारा माणूस, त्या दिवशी स्वतःच्या घोट्यांकडे बघत बाथरूममध्ये वॉल्ट्झ मोजत होतो. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, जिंकायचं नाहीये आपल्याला." मला जिंकायचं होतं! हा सिनेमा हसवतो तो इथे. त्यातली माणसं हास्यास्पद आहेत, पण एकही जण गंमत म्हणून नाचत नाही. अंगाला तपकिरी रंग फासलेले, पिसं लावलेले, केस लाकडासारखे बसवलेले, आणि कॅमेऱ्यासमोर मुलाखत देताना स्कॉटची आई अशी रडते की घरात कुणी गेलंय. मुलाने यादीबाहेरची स्टेप केली, एवढंच झालेलं असतं.

आता माझा खरा मुद्दा. मी कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, काळात विंगेत असायचो, ध्वनी माझ्याकडे. त्यामुळे हा सिनेमा मला पहिल्यांदा बघतानाच ओळखीचा वाटला, आणि नंतर कारण कळलं. मुळात ही एकांकिका आहे! लुहरमन सिडनीच्या नाट्यशाळेत, 'नायडा'त शिकत असताना १९८४ साली त्याने आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांनी मिळून अर्ध्या तासाचं नाटक बसवलं, त्याचा पुढे सिनेमा झाला. त्याची आई बॉलरूम शिकवायची, तो स्वतः लहानपणी त्या स्पर्धांत नाचलेला. हे कळल्यावर पुन्हा बघा. स्कॉटची जोडीदारीण लिझ थयथयाट करत सांगते की मला आत्ताच्या आत्ता काय हवंय: केन रेलिंग्ज नावाच्या दुसऱ्या नर्तकाने या दारातून आत यावं आणि म्हणावं, माझ्या जोडीदारणीचे दोन्ही पाय मोडलेत, मला तुझ्याबरोबर नाचायचंय. दार उघडतं, केन येतो, हेच म्हणतो. ही सिनेमाची नाही, रंगमंचाची एंट्री आहे. स्कॉटच्या आई-बापाची जुनी हकीकत येते ती तर रंगवलेल्या पडद्यापुढे, बाहुल्यांच्या खेळासारखी. वास्तव वगैरे दाखवायचा आवच नाही. म्हणून घिसीपिटी गोष्ट खटकत नाही. दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे ठाऊक असून आपण पहाटेपर्यंत बसतोच की.

आणि स्पर्धा, नियम, परीक्षक हे पुण्याला कुणी शिकवायला नको. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही संघ करंडकाच्या तोडीचा नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर गावभर काय वाद झाला, आठवतो ना? भरत नाट्य मंदिराच्या बाहेर मी दोन्ही बाजूंची भांडणं ऐकली आहेत. तेव्हा मला बॅरी फाइफच आठवत होता. (परीक्षकांना बॅरी म्हणत नाही, ते प्रामाणिक होते. बॅरी लबाड आहे, निकाल आधीच ठरवून बसलेला.)

प्रेमाचं म्हणाल, तर ते जिंकण्यात कुठेच नाही, तालमीत आहे. फ्रॅन दोन वर्षं क्लासला येतेय आणि तिला मुलगा जोडीदार म्हणून मिळालेला नाही, ती एका मुलीबरोबर नाचते. ही गोष्ट सिनेमा एका वाक्यात उरकतो, पण क्लासला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पुरुष कमी, म्हणून भिंतीशी उभं राहायचं. मग गच्चीवर, कोका-कोलाच्या भल्यामोठ्या पाटीसमोर दोघं सराव करतात. बघा, तिथे एकमेकांकडे बघणं नंतर येतं. आधी हात कुठे, वजन कुठल्या पायावर, खांदा वर का. जोडीने नाचताना खोटं बोलता येत नाही. मी मनातून दुसरीकडे वळायचं ठरवलं की बायकोला माझ्या बरगड्यांवरून कळतं, आणि ती आधीच कपाळाला आठी घालते.

नंतर स्कॉट फ्रॅनच्या घरी जातो. रेल्वेरुळांना लागून स्पॅनिश कुटुंबाचं घर. त्याला वाटतं, पासो डोब्ले आपल्याला येतो. तो करून दाखवतो आणि तिचा बाप हसतो. मग बाप स्वतः नाचतो आणि हसू थांबतं. ते काम करणारा अँतोनियो व्हार्गास खरोखरचा फ्लामेंको (स्पेनमधला नाच) नर्तक, आणि स्कॉट झालेला पॉल मर्क्युरिओ सिडनी डान्स कंपनीतला. म्हणून कॅमेरा पायांपासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस दाखवू शकतो. आपल्याकडच्या नाचांत दर दोन सेकंदाला कट मारतात, तो का मारतात ते इथे कळतं.

आणि शेवट, तुमच्या डोळ्यांत पाणी येतं तो. भर स्पर्धेत संगीत बंद पाडतात. ध्वनीवाल्याचं याहून मोठं दुःस्वप्न नाही, मी खुर्चीत ताठ झालो होतो. सगळं शांत. आणि आयुष्यभर बायकोपुढे तोंड न उघडलेला, चोरून एकटा नाचणारा स्कॉटचा बाप टाळी वाजवायला लागतो. एकच. मग फ्रॅनचा बाप, मग तिची आजी, मग सगळा हॉल, आणि त्या ठेक्यावर ती दोघं नाचतात. यादी, लय, परीक्षक, सगळं ज्या यंत्रावर चालत होतं ते बंद पडलं आणि नाच चालूच राहिला. प्रेमाची कबुली वगैरे मला तरी त्यापुढे फिकी वाटते. त्यातही माझा आवडता क्षण हिरोचा नाही. गर्दीत बाप जाऊन आईला नाचायला विचारतो, तो.

नर्मदा_पेठ

विंगेतले भाऊ, छान लिहिलंत. पण मला याहून जवळचा जपानी 'शॅल वी डान्स?' वाटतो. मासायुकी सुओचा, १९९६ चा. हिशेबाच्या कामातला चाकरमानी रोज लोकलमधून जाताना डान्स स्कूलच्या खिडकीत उभी बाई बघतो आणि एक दिवस मध्येच उतरतो. घरी सांगत नाही, बायको मागावर माणूस लावते. ऑफिसातला त्याचा सहकारी टोप घालून, भलत्याच जोशात लॅटिन नाचत असतो, त्याला बघून मी इतकी हसले की घरचे उठून आले.

पण तिथे गंमत लाजेत आहे. चारचौघांत बायकोचा हात धरायलाही संकोच, आणि हा परक्या बाईच्या कमरेला हात लावून वॉल्ट्झ शिकतो. म्हणूनच २००४ चा रिचर्ड गेअरवाला अवतार मला पिचका वाटला. शिकागोतल्या वकिलाने नाच शिकला तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? जपानी सिनेमा आमच्या आईच्या पिढीला एका झटक्यात कळला, इंग्रजीवर ती म्हणाली, "बरा आहे." आईचं "बरा आहे" म्हणजे काय ते पुण्यात सांगायला नको.

मंजिरी_कोथरूड

विंगेतला, मनापासून आभार. हे सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बहुमताने क्रम काढतात ती पद्धत कागदावर मांडून दाखव." आता ती कुठून आणू?

पण एक शंका राहते. चष्म्याची. फ्रॅन नाचायला लागली तशी तिची त्वचा, केस, कपडे सगळं सुधारत गेलं. आणि स्पॅनिश लोक म्हणजे 'अस्सल', मनापासून नाचणारे, आणि गोरे ऑस्ट्रेलियन नकली. हे जरा सोपं नाही का? नर्मदाताई, जपानी पुढच्या वेळी नक्की लावते.

विंगेतला

चष्म्याबद्दल बी विंगमधल्या काकूंशी शंभर टक्के सहमत. तो उतरवायची गरज नव्हती. चष्मा लावून पासो डोब्ले झाला असता तर मी उभा राहून शिट्टी मारली असती.

स्पॅनिश लोकांबद्दल अर्धंच सहमत. सोपं आहे, खरंय. पण फ्रॅनचा बाप काही भोळाभाबडा नाही. तो स्कॉटला आधी रात्री अंगणात उभं करून तपासतो, हसतो, मग शिकवतो. तोही परीक्षकच. फरक एवढाच की तो स्वतः नाचून दाखवतो, आणि आजी पोराच्या छातीवर ठेका देऊन सांगते, लय इथून येते. बॅरी फाइफ सिनेमाभर कुणाला काही नाचून दाखवतो का, आठवून बघा.

बहुमताच्या पद्धतीला 'स्केटिंग सिस्टिम' म्हणतात. पाच परीक्षक असतील तर ज्या जोडीला तिघांनी पहिलं ठेवलं ती पहिली. कुणालाच तिघांचे 'पहिला' मिळाले नाहीत, तर 'पहिला किंवा दुसरा' किती जणांनी दिला ते मोजायचं, आणि असंच खाली. बरोबरी झाली की आणखी नियम आहेत, ते त्यांना स्वतः शोधू द्या, इंजिनिअर आहेत, दुपार चांगली जाईल.

चहाबाज

मी खरंच बसलो होतो. दोघांनाही एक विचारतो: आमच्या घरी हट्ट सुरू झालाय, क्लास लावायचा म्हणून. बूट घ्यावे लागतात का आधी?

विंगेतला

आधी नको. पहिला महिनाभर साधे चामडी सोलचे बूट चालतात. रबरी सोलचे स्पोर्ट शूज मात्र नको, पाय फरशीला चिकटतो आणि गुडघा वळतो. टिकलात तर मग सुएड (मऊ, लवदार चामडं) सोलचे घ्या, त्यांना तारेचा ब्रश मारत राहावा लागतो. ते घालून रस्त्यावर जाऊ नका, पिशवीतून न्या. आणि क्लास निवडताना जमीन बघा. लाकडी असेल तर उत्तम, गुळगुळीत टाइल्स असतील तर पावसाळ्यात वाट लागते.