मदत हवी आहे: २५ हजारांत स्पॉटिंग स्कोप, ६५ मिमी की ८० मिमी?

स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण, आणि मिमी म्हणजे तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास. वापर फक्त पाणपक्ष्यांसाठी, नांदूर मधमेश्वरचे मनोरे आणि भिगवणचा काठ. अंतर १५० ते ३०० मीटर. ८×४२ दुर्बिणीतून टिलवे (काठावरचे चिमुकले पक्षी) आहेत एवढंच कळतं. पाय काळे (छोटा टिलवा) की पिवळट (टेमिंकचा), ते दिसत नाही.

उसना २०-६०×६० स्कोप (२० ते ६० पट झूम, ६० मिमीचं भिंग) लावून पाहिला. ३०× पर्यंत ठीक. ४०× च्या पुढे चित्र काळवंडतं, पक्ष्याच्या कडेला जांभळी झालर येते. ६०× ला एक्झिट प्युपिल (स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास) जेमतेम १ मिमी, म्हणजे अंधार येणारच. झालर मात्र काचेची. (ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते, त्याला कुठलाच स्कोप पुरा पडत नाही.) सोबतचा बुटका ट्रायपॉड बाद, पूर्ण उंचीचा वेगळा आहे.

चष्मा न काढता पाहायचंय, त्यामुळे आय रिलीफ (डोळा भिंगापासून जेवढा दूर ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १५ मिमी हवा. एसटीचा प्रवास, म्हणून वजन दीड किलोच्या आत. वेगवेगळ्या उंचीचे तिघं आळीपाळीने बघणार, तेव्हा आयपीस (डोळा लावायचा भाग) तिरकाच. फोटो काढायचे नाहीत.

या पैशांत ८० मिमीची साधी काच बरी की ६५ मिमीची ईडी (झालर कमी करणारी खास काच)? आणि झूमऐवजी स्थिर २५× किंवा ३०× आयपीस बसणारं, भारतात दुरुस्त होणारं मॉडेल कोणी वापरतंय का?